स्थलांतरित मजुरांची यादी कोणाकडेच का नसते?

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत एक प्रश्न आला. टाळेबंदीच्या काळात घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला? कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. किती मजूर आपापल्या राज्यांत परतले, याचा आकडा मात्र सरकारने त्याच अधिवेशनात दिला. तो होता एक कोटी चार लाखांहून जास्त.

उत्तरावर गदारोळ झाला आणि तो रास्तच होता. त्याच वर्षी ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेली ही मध्य प्रदेशातली माणसं भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाली होती. ‘आकडेवारी नाही’ हे उत्तर महाराष्ट्राला तरी पटण्यासारखं नव्हतं.

पण त्या गदारोळात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. अशी यादी असायलाच हवी, असं सांगणारा कायदा या देशात १९७९ पासून होता. कोणता मजूर कोणत्या गावातून कोणत्या राज्यात, कोणत्या मालकाकडे आणि किती मजुरीवर गेला, हे दोन्ही राज्यांच्या सरकारांना लेखी कळवणं बंधनकारक होतं. तरीही यादी नव्हती. या लेखात तेवढंच उलगडायचं आहे: कायदा असताना यादी का नव्हती? ते कळलं, की स्थलांतराचं धोरण दिल्लीत ठरून गल्लीत कुठे अडकतं हेही कळतं.

कागदावर काय होतं

या कायद्याचं मूळ ओडिशात आहे. तिथे मजुरांना आगाऊ पैसे देऊन टोळ्यांनी दूरच्या धरणांवर, रस्त्यांच्या कामांवर नेण्याच्या पद्धतीला ‘दादन’ म्हणत. नेताना सरदार सांगायचा की हिशेब दर महिन्याला होईल. कामावर पोचल्यावर महिना, तास, सुट्टी यातलं काहीच उरायचं नाही. ओडिशाने १९७५ मध्ये स्वतःचा कायदा केला. पण ओडिशाचा कायदा ओडिशाच्या हद्दीत संपतो आणि मजूर नेमका हद्द ओलांडून गेलेला असतो. म्हणून संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. तो २ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला.

कायदा वाचताना खरंच बरं वाटतं, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. पाच किंवा जास्त परराज्यातले मजूर ठेवणाऱ्या मालकाने नोंदणी करायची. मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराने मजुरांच्या राज्यातून भरतीचा आणि कामाच्या राज्यातून कामावर ठेवण्याचा, असे दोन परवाने घ्यायचे. भरती झाल्यापासून १५ दिवसांत प्रत्येक मजुराचा तपशील दोन्ही राज्यांना कळवायचा. मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं आणि त्यात काम, मजुरीचा दर, आगाऊ दिलेली रक्कम हे सगळं त्याला कळेल अशा भाषेत लिहायचं. घर सोडावं लागतं म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतली मोठी रक्कम विस्थापन भत्ता म्हणून द्यायची. ती मजुरीतून परत कापायची नाही. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, त्या प्रवासातल्या दिवसांची मजुरीही वेगळी. शिवाय राहायची सोय आणि औषधपाणी. हे सगळं कंत्राटदाराने केलं नाही, तर मजुरी आणि भत्त्यांची जबाबदारी थेट मूळ मालकावर.

आता कंत्राटदाराच्या जागी बसून बघा. त्याने २० मजुरांची नावं कळवली, तर २० भत्ते, २० प्रवासखर्च, २० पासबुकं आणि २० जणांच्या राहण्याची सोय त्याच्या गळ्यात पडते. नावं कळवली नाहीत, तर काय होतं? कोणीतरी तपासायला आलं तरच काही होतं. मालकाचंही तेच. नोंदणी केली की ‘हे मजूर माझे’ असं त्याने लिहून दिल्यासारखं होतं, आणि कंत्राटदार तर त्याने मुळात मजूर आपले नाहीत असं म्हणता यावं म्हणूनच नेमलेला असतो. राहता राहिला मजूर. त्याने उचल घेतलेली असते, पुढच्या वर्षीही हाच माणूस काम देणार असतो. तो कशाला वाकड्यात शिरेल?

थोडक्यात, जो नाव लिहील त्याच्यावर खर्च पडणार आणि जो लिहिणार नाही त्याचं काहीच बिघडणार नाही, अशी या कायद्याची रचना झाली. मजुराचं भलं करण्याच्या नादात कायद्याने त्याचं नाव महाग करून ठेवलं. हक्क जास्त दिले हे चुकलं, असं मला म्हणायचं नाही. ते देताना ‘लिहिणार कोण आणि त्याने का लिहावं’ हा प्रश्न मोकळा सोडला, ते चुकलं.

दोन सरकारं आणि मधली हद्द

यावर साधं उत्तर असं की सरकारी निरीक्षकाने तपासावं. कोणत्या सरकारच्या?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत ८१ क्रमांकाची नोंद आहे: आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण. हे दोन विषय घटनाकारांनी एकाच ओळीत ठेवले होते, हे २०२० मध्ये वाचताना अंगावर काटा आला होता. तर स्थलांतर हा विषय केंद्राचा. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचा. पोलीस, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याचे. मजूर मात्र एकच आणि तो या सगळ्या रकान्यांमध्ये एकाच वेळी उभा असतो.

प्रत्यक्षात कायदा राबवायचा तो राज्याच्या कामगार खात्याने, आणि तोही मुख्यतः काम जिथे चालतं त्या राज्याच्या खात्याने. त्या राज्याचं हित कशात आहे? बांधकाम वेळेत व्हावं, वीट स्वस्त पडावी, कारखानदाराने गाशा गुंडाळून शेजारच्या राज्यात जाऊ नये. ज्याचं मत आपल्याकडे नाही अशा माणसासाठी आपल्याच मालकाला नोटीस बजावणं कोणत्याच मंत्र्याला सोयीचं नसतं. मजूर ज्या राज्याचा, त्या राज्याला त्याची चिंता असते, पण अधिकार नसतो. कायद्याने त्यावरही तोड काढली होती. मजुरांच्या राज्याला स्वतःचे अधिकारी कामाच्या राज्यात तपासणीसाठी नेमता यायचे. फक्त त्यासाठी त्या दुसऱ्या राज्याची संमती लागायची! ज्याच्या घराची झडती घ्यायची, त्याचीच परवानगी.

मनात आलं तर राज्यं हद्द ओलांडतात, हेही खरं. ओडिशा आणि तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश यांनी वीटभट्टी मजुरांसाठी २०१२ मध्ये सामंजस्य करार केला. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारहाण होत असल्याचे खोटे व्हिडिओ फिरले, पाटण्यात विधानसभा तापली आणि काही दिवसांतच बिहारचे अधिकारी चौकशीसाठी तमिळनाडूत पोचले. तमिळनाडू सरकारनेही सहकार्य केलं. म्हणजे वाट बंद नाही, पण ती उघडायला गावाकडे राजकीय बोंब व्हावी लागते. मजुरी बुडाली, पासबुक दिलं नाही, यावर विधानसभा तापत नाही.

दिल्लीतही या विषयाला एक मालक नाही. परदेशी जाणाऱ्या कामगारांचं काम परराष्ट्र मंत्रालय बघतं. देशांतर्गत मजुरांचं कामगार मंत्रालय, त्यांच्या रेशनचं अन्न मंत्रालय, त्यांच्या मुलांचं शिक्षण आणि महिला-बालविकास. स्थलांतराचा सांगोपांग विचार करणारा कार्यगट नेमला तो गृहनिर्माण व शहरी दारिद्र्य निर्मूलन मंत्रालयाने, आणि त्याचा अहवाल जानेवारी २०१७ मध्ये आला. अहवाल चांगला होता. पण त्यातल्या बहुतेक शिफारशी दुसऱ्याच खात्यांनी करायच्या होत्या.

बीड ते कोल्हापूर, बीड ते बेळगाव

हे सगळं परप्रांतीयांचं आहे, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर ऊसतोडीकडे बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण धोरणाची सगळी गुंतागुंत या एका धंद्यात दिसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्यावर होतो. बाई फडात पुरुषाच्या बरोबरीने राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण कागदावर ती अर्धा कोयता असते आणि पैसे नवऱ्याच्या हातात जातात. तिचं नाव लिहायची कोणाला गरजच पडत नाही. टोळी आणतो मुकादम. मुकादमाला पैसे मिळतात ते वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेकडून. बऱ्याच ठिकाणी ही यंत्रणा कारखान्यापासून कागदोपत्री वेगळी संस्था असते. परिणामी फडात अपघात झाला की कारखाना संस्थेकडे बोट दाखवतो, संस्था वाहतूकदाराकडे, वाहतूकदार मुकादमाकडे. आणि मुकादम हा त्याच तांड्यावरचा, कर्जात बुडालेला माणूस असतो.

आता गंमत बघा, अर्थात गंमत म्हणायची तर. एकाच गावातून दोन टोळ्या निघाल्या. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेली, दुसरी निपाणीच्या पुढे बेळगाव जिल्ह्यात. काम तेच, कोयता तोच, उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, तशीच. पण दुसरी टोळी ‘आंतरराज्य स्थलांतरित’ ठरते आणि १९७९ चा कायदा होता तोवर तो तिला लागू व्हायचा. पहिलीला होत नव्हता, कारण तिने राज्याची हद्द ओलांडलेली नाही. कोल्हापूरला गेलेल्या बाईचं घर, शाळा, दवाखाना, रेशन दुकान तितकंच लांब राहिलेलं असतं. धोरणाने स्थलांतर मोजलं ते नकाशावरच्या रेषेने. अंतराचा किंवा हालांचा विचार त्यात नाही.

आणि बेळगावला गेलेल्या टोळीला तरी कायद्याचा काय उपयोग झाला? बहुतेकींना पासबुक हा प्रकार ठाऊकही नसतो. मुकादमाची वही असते, आणि ती मुकादमाकडेच असते.

पण ऊसतोड कामगारांचं एक वैशिष्ट्य आहे, जे मुंबईतल्या बिहारी गवंड्याकडे नाही. ते जातात आणि परत येतात, आणि त्यांचं मत बीड-अहिल्यानगरच्या राजकारणात वजनदार आहे. त्यामुळे त्यांच्या बाबतीत काही ना काही घडतं. मजुरीचा दर कामगार कायद्याने ठरत नाही, तो साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात नेत्यांच्या लवादाने ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ३४ टक्के वाढ ठरली. २०२१ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी पैशाची सोय झाली: गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहं मंजूर झाली. हे महामंडळ कामगार खात्याकडे नसून सामाजिक न्याय खात्याकडे आहे, ही नुसती कारकुनी बाब नाही. कामगार खात्यात गेलं, तर ‘यांचा मालक कोण’ हा प्रश्न विचारावा लागतो. कल्याण खात्यात गेलं, तर वसतिगृह आणि विमा देता येतो आणि तो प्रश्न टाळताही येतो.

तो प्रश्न टाळला नाही तर काय होऊ शकतं, याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईच्या बाजारपेठांत सातारा, पुणे, सांगलीकडून आलेले हमाल टोळीवाल्याच्या हाताखाली राबायचे. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने लढून जो कायदा करून घेतला, त्यात मंडळ मध्ये आलं. मालकाने मंडळात नोंद करायची, मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना सगळं त्या लेव्हीतून. इथे नाव लिहिलं जातं, कारण नाव असल्याशिवाय मजुरी निघत नाही आणि नोंद नसलेल्या माणसाला संघटना गाळ्यावर उभं राहू देत नाही. आज माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांमुळे हा कायदा बदनाम झाला आहे, ते खोटंही नाही. तरी रचना बघण्यासारखी आहे. कंत्राटदाराला सज्जन व्हायला सांगण्यात वेळ न घालवता या कायद्याने त्याला व्यवहारातूनच बाजूला काढलं.

९० दिवसांचा दाखला

बांधकाम मजुरांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९९६ चा वेगळा कायदा होता, आता तोही कामगार संहितांत गेला आहे. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो आणि राज्याच्या मंडळात जमा होतो. पैसा भरपूर आहे. तो खर्च होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वेळोवेळी झापलं आहे.

पैसा का पोचत नाही, हे बघायला कोणत्याही कामगार नाक्यावर सकाळी आठला उभं राहावं. थापी, घमेलं घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो, बोट दाखवून चार जण उचलतो, संध्याकाळी पैसे देऊन मोकळा. उद्या दुसरा मुकादम, दुसरी साइट. मंडळात नोंदणीसाठी हवा असतो गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो देणार कोण? कंत्राटदार, नाहीतर ग्रामसेवक किंवा महापालिकेचा अधिकारी. वर्षात ४० जणांकडे काम केलेल्या गवंड्याला यातला कोणता कंत्राटदार सही देईल? सही म्हणजे ‘हा माझ्याकडे होता’ अशी कबुलीच की. आणि महापालिकेच्या साहेबाने त्याला काम करताना कधी पाहिलंय? शेवटी नाक्याजवळचा एजंट काही पैसे घेऊन दाखला आणून देतो. मग खरा गवंडी यादीबाहेर आणि कधी वीट न उचललेला कोणीतरी यादीत, असं होतं. पुढे त्यावरून घोटाळ्याच्या बातम्या येतात, अट आणखी कडक होते आणि एजंटचा भाव वाढतो.

रेशनच्या मशीनवर अंगठा

‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना या सगळ्यात त्यातल्या त्यात यशस्वी म्हणावी लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये ती दोन जोड्यांपासून सुरू झाली: आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात. जून २०२२ मध्ये आसाम आलं आणि सगळी राज्यं जोडली गेली. कार्ड बिहारचं असलं, तरी ठाण्यातल्या दुकानात मशीनवर अंगठा लावून माणशी पाच किलो धान्य घेता येतं. अर्धं कुटुंब गावी असेल, तर त्यांच्या वाट्याचं तिकडे उचलता येतं. इथे मजुराला कोणाच्या सहीची गरज नाही. म्हणूनच ती चालते.

अडते ती दुकानदाराच्या गोणीपाशी. दुकानाला माल मिळतो तो मुख्यतः त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबाने. महिन्याच्या सुरुवातीला बाहेरचे ३० जण अंगठा लावून गेले, तर महिनाअखेरीस आपल्याच वॉर्डातल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या राहतील आणि त्यांच्या मागोमाग नगरसेवक येईल, हे त्याला ठाऊक असतं. मग ‘मशीन चालत नाही’, ‘पुढच्या महिन्यात या’. त्यात केंद्राचं धान्य तेवढं फिरतं. तेल, डाळ, साखर अशी राज्याची स्वतःची भर फक्त त्या राज्याच्या कार्डाला मिळते.

आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचं काय? २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगार मंत्रालयाच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले आणि असंघटित कामगारांची नोंदणी तातडीने सुरू करायला लावली. २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल आलं. कामगाराने स्वतः आधार आणि मोबाइल घेऊन नोंद करायची, मालकाची सही नको. नोंदी धडाधड झाल्या, आज त्या ३० कोटींच्या वर आहेत. १९७९ पासून जी यादी होत नव्हती ती मध्यस्थाला वगळताच काही महिन्यांत झाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. यादीत सगळेच असंघटित कामगार आहेत आणि कोण नेमका कुठे गेलाय ते तिच्यातून नीट कळत नाही, हा भाग वेगळा.

मग त्या यादीचं काय झालं? एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयापुढे हिशेब आला. नोंदणी झालेल्या २८ कोटी ६० लाखांपैकी रेशनकार्ड होतं २० कोटी ६३ लाखांकडे. उरलेल्या सुमारे आठ कोटींना कार्ड द्या, असा आदेश झाला. राज्यांनी हात वर केले: आमचा कोटा संपला. अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागाची ७५ टक्के आणि शहरी भागाची ५० टक्के लोकसंख्या धरली आहे आणि तो कोटा ठरला २०११ च्या जनगणनेवर. नवी जनगणना झाली नाही तोवर कोटा वाढणार कसा? कोटा न बघता कार्ड द्या, असं न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. नाव लिहून झालं, तरी त्या नावामागे पैसे ठेवायचे की नाही हा निर्णय उरतोच.

मत कुठे द्यायचं

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका यंत्रातून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येणार होतं, म्हणजे सुरतेतल्या ओडिया विणकराला तिथूनच गंजामचा आमदार निवडता आला असता. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं, विरोधी पक्षांनी कडाडून आक्षेप घेतले, आणि विषय मागे पडला. आक्षेप फालतू नव्हते. स्थलांतरित कोणाला म्हणायचं? दुसऱ्या राज्यात मतदान केंद्रावर आपला प्रतिनिधी कोण बसवणार? जिथे निवडणूकच नाही तिथे आचारसंहिता कशी लावणार? पण एक गोष्ट कोणीच मोठ्याने बोललं नाही. गावी न येऊ शकणारा मतदार ही प्रस्थापित आमदारासाठी तशी सोयीची गोष्ट आहे.

२०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्यांची विशेष पडताळणी झाली, तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. त्यांपैकी ३६ लाखांच्या आसपास नावांपुढे कारण होतं ‘कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत’. कायदा सांगतो की घरापासून तात्पुरतं दूर गेल्याने कोणी तिथला रहिवासी असणं संपत नाही. पण जून-जुलैत घराला कुलूप दिसलं, तर लुधियानाला भातलावणीला गेलेला आणि कायमचा निघून गेलेला यांत फरक कोणी कसा करायचा, हे त्या दारात उभ्या असलेल्या बीएलओवर, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर, येऊन पडतं. धोरण शेवटी राबवतो तो हाच माणूस. त्याच्या हातात फॉर्म असतो, मुदत असते, आणि विचारायला कोणी नसतं.

इकडे कामाच्या राज्यात मजुराला मत नसतं. मत असलेल्यांना मात्र त्याच्याविषयी मत असतं. महाराष्ट्रात उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं हे धोरण १९६८ पासूनचं. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. असे कायदे न्यायालयात टिकतील की नाही याची फारशी फिकीर करणाऱ्यांना नसते. घोषणा झाली की काम झालं. बांधकामावर आणि भट्टीवर परराज्यातलेच मजूर लागणार हे घोषणा देणारेही जाणून असतात.

अपवाद केरळचा सांगतात. तिथे २०१० मध्ये परराज्यातल्या मजुरांसाठी कल्याण योजना आली, २०१७ मध्ये ‘आवाज’ हा विमा आला, पालक्काडजवळ कांजिकोडला वसतिगृह उभं राहिलं, एर्नाकुलममधल्या शाळांत मजुरांच्या मुलांसाठी त्यांची भाषा बोलणारे स्वयंसेवक नेमले. सरकारी भाषेत त्यांना ‘अतिथी कामगार’ म्हणतात. याचं श्रेय केरळच्या राजकीय संस्कृतीला आहेच. पण केरळची स्वतःची माणसं आखातात आहेत, मजुरीचे दर देशात वरचे आहेत आणि बाहेरचे मजूर नाही आले तर काम ठप्प होतं, हाही हिशेब आहे. आखातात आपल्या माणसांचं काय होतं हे घरोघरी माहीत असलेलं ते राज्य आहे.

नव्या संहितेत काय बदललं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यांच्यात विरघळला. त्यांतली स्थलांतरित मजुरांविषयीची संहिता संसदेत मंजूर झाली होती सप्टेंबर २०२०मध्येच, ‘आकडेवारी नाही’ या उत्तरानंतर आठवडाभराने. मधली पाच वर्षं बरीचशी राज्यांनी नियम करण्यात, न करण्यात आणि संघटनांच्या विरोधात गेली.

एक बदल निश्चित चांगला आहे. आता कंत्राटदाराने आणलेलाच नाही, तर स्वतःहून दुसऱ्या राज्यात येऊन नोकरीला लागलेला मजूरही स्थलांतरित कामगार धरला जाईल. नाक्यावरची बहुतेक माणसं अशीच आलेली असतात. रेशन आणि बांधकाम मंडळाचे लाभ कामाच्या राज्यातही मिळण्याची सोय लिहिली आहे. पण लागू होण्याची मर्यादा पाच मजुरांवरून दहावर गेली, विस्थापन भत्ता वगळला गेला, आणि कोल्हापूरला जाणारी बीडची टोळी अजूनही व्याख्येबाहेरच आहे.

पुढची परीक्षा जवळ आली आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे माणसं मोजली जातील ती त्याच्या आधीच्या आठवड्यांत. आपल्या जनगणनेची रीत अशी की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो, त्याला घरी मोजत नाहीत. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. फेब्रुवारीत गाळप जोरात असतं. तेव्हा बीडच्या तांड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं असतील, आणि कोयते असतील शिरोळच्या, अथणीच्या फडात. तिथल्या प्रगणकाने फडापर्यंत जाऊन कोपीकोपीत विचारलं नाही, तर ही माणसं कुठेच लिहिली जाणार नाहीत. विचारलं तर ती शिरोळची किंवा अथणीची लोकसंख्या म्हणून धरली जातील आणि पुढची अनेक वर्षं बीडच्या गावाचा रेशनचा कोटा आणि योजनांचा निधी त्यांना वगळून ठरेल. साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि जनगणना कार्यालय यांनी याचं काय करायचं ते आत्ताच बसून ठरवायला हवं, कारण एकदा ऑक्टोबरात टोळ्या निघाल्या की त्यांचा ठावठिकाणा फक्त मुकादमाच्या वहीत असतो.